भाच्याचा पीसी: ४५ हजारात काय घेतलं आणि काय मुद्दाम नाही घेतलं

भाचा कराडला असतो. २०२४ ला दहावी झाली, मेकॅनिकल डिप्लोमाला ॲडमिशन मिळाली आणि दाजींनी निकालाच्या दिवशीच शब्द दिलेला की दिवाळीला कॉम्प्युटर घेऊ. बजेट ४५ हजार, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस सगळं धरून, वरती एक रुपया नाही कारण त्याच वर्षी घराचं प्लास्टर काढलेलं. पोराची मागणी साधी होती, कॉलेजचं ऑटोकॅड चालावं आणि संध्याकाळी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, जीटीए फाईव्ह, माइनक्राफ्ट, कधीतरी फुटबॉलचा गेम. म्हणजे कुठं टुर्नामेंट खेळायची नाही की स्ट्रीमिंग करायचं नाही, रोजचा तास दीड तास खेळ, बस. मी मुंबईत असतो, असले पीसी जुळवायची मला पहिल्यापासून आवड, म्हणून ताईने फोन करून सगळं माझ्यावर सोडलं. तेव्हापासून काय काय झालं ते पूर्ण लिहितोय, कारण याच बजेटमध्ये अडकलेली चार घरं तरी माझ्या ओळखीत आहेत आणि प्रत्येकाला फोनवर तेच परत सांगतोय.

पहिला प्रश्न दाजींचा. "एवढ्या पैशात लॅपटॉप येतो की, कॉलेजला पण नेता येईल, हा डबा कशाला?" प्रश्न बरोबर होता, त्यांना उडवून लावण्यात अर्थ नव्हता. पण त्या वेळी ४५ हजारात जे लॅपटॉप दिसत होते त्यात वेगळं ग्राफिक कार्ड नव्हतं, बऱ्याच मॉडेलांत रॅम मदरबोर्डालाच (सगळे पार्ट ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) सोल्डर केलेली, आणि लॅपटॉपमध्ये ग्राफिक कमी पडलं तर पुढं काय करणार, अख्खा लॅपटॉप विकणार. मी त्यांना एवढंच विचारलं, की दाजी, तीन वर्षांनी पोरगं म्हणालं स्पीड कमी पडतोय, तर तुम्ही ५० हजार परत घालणार का दहा-बारा हजार? त्यावर ते थांबले, म्हणाले बघ मग तू. कॉलेजमध्ये लॅब आहेच, रोज मशीन न्यायची गरज नव्हती हे भाच्याने स्वतःच सांगितलं.

यातच एक भानगड व्हायची राहिली. भाच्याला एका दुकानात २८ हजाराला रेडीमेड 'गेमिंग पीसी' दाखवला होता. काचेचा कॅबिनेट, आत चार रंगीत पंखे, बाहेर कागद चिकटवलेला: आय सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक कार्ड. पोरगं अर्धं प्रेमात पडलेलं. मी म्हटलं मला मशीन चालू करून टास्क मॅनेजरचा फोटो पाठव. फोटो आला, आय सेव्हन ३७७०. हा प्रोसेसर २०१२ चा, म्हणजे भाचा बालवाडीत होता तेव्हाचा. चार कोर, डीडीआर३ रॅम, एच६१ चा बोर्ड, त्या बोर्डावर तिसऱ्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर बसतच नाही. आणि ते ४ जीबीचं कार्ड म्हणजे जीटी ७३०, त्याला मेमरी कितीही लावा, चिपमध्येच ताकद नाही. आय सेव्हन हे नाव ऐकून आईवडील फसतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक आकडा मोठा बघतात, जनरेशन कोणी बघत नाही. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी जनरेशन, एवढं जरी माहीत असलं तरी २८ हजार वाचतात.

दुसरा पर्याय मात्र मी स्वतः सिरीयसली बघितला: कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले ऑफिसचे डेस्कटॉप. १३-१४ हजारात सहाव्या जनरेशनचा आय फाईव्ह, १६ जीबी रॅम, एसएसडी (फायली साठवायची वेगवान डिस्क), आणि वरती एक ग्राफिक कार्ड टाकायचं. ज्याचं बजेटच २० हजार आहे त्याला मी आजही हेच सांगेन, छोट्या उंचीचं, स्लॉटमधूनच पॉवर घेणारं ७५ वॉटचं कार्ड टाक आणि खेळ. पण भाच्यासाठी तीन गोष्टी आडव्या आल्या. एक तर या ऑफिसवाल्या मशीनचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) बऱ्याचदा त्यांच्याच मापाचा असतो, बोर्डाला जाणारा कनेक्टर पण त्यांचाच, साधा बाजारातला एसएमपीएस लागत नाही, म्हणजे मोठं कार्ड कायमचं विसरा. दुसरं, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढंच चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं, वर्षभरच हातात. तिसरं, कसंतरी विंडोज ११ टाकलंच तरी त्यावर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, ही मशीनमधली सुरक्षेची दोन फीचर, दोन्ही चालू लागतं, आणि जुन्या मशीनवर त्याची खात्री नाही. जे मशीन घेतल्या घेतल्या एका वर्षात कडेला लागणार त्यात दाजींचे पैसे घालायला माझं मन होईना.

मग राहिलं नवीन जुळवणं. आणि इथं खरा पेच होता, बाकी सगळं सोपं होतं.

एक रस्ता असा: इंटेलचा आय थ्री १२१००एफ प्रोसेसर, एच६१० चा बोर्ड आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक कार्ड. तिन्ही मिळून साधारण साडेसव्वीस हजार. भाच्याच्या दोन मित्रांकडे १६५० होतं, त्यामुळे त्याला तेच पाहिजे होतं. दुसरा रस्ता: एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी५५० चा बोर्ड, २१ हजार, कार्ड घ्यायचंच नाही. ५६००जी मध्ये ग्राफिक आतच येतं, सहा कोर बारा थ्रेड, ६५ वॉट, कूलर डब्यातच. मी त्याच्यापासून काही लपवलं नाही, सरळ सांगितलं की पहिल्या दिवशी १६५० वालं मशीन गेममध्ये याच्या दुप्पट तरी पळेल. त्यावर त्याचा चेहरा पडला, व्हिडिओ कॉलवर दिसत होतं. "मामा, मग आपण स्लो का घेतोय?"

कारण ते साडेपाच हजार कुठून तरी काढायला लागणार होते, आणि ते निघतात नेमके जिथून निघू नयेत तिथून. लोक काय करतात, एसएमपीएस लोकल घेतात, एसएसडी छोटी घेतात, बोर्ड सगळ्यात स्वस्त घेतात. म्हणजे जे पार्ट सात-आठ वर्षं टिकायला पाहिजेत ते हलके आणि जे कार्ड दोन वर्षांत बदलायचंच आहे त्याच्यावर सगळा पैसा. १६५० हे २०१९ चं कार्ड, ४ जीबी मेमरीचं, नवीन गेमला ४ जीबी तेव्हाच कमी पडायला लागलेली. १३ हजाराला घेऊन दोन वर्षांनी पाच-सहाला विकायचं, त्यापेक्षा ते १३ हजार जपून ठेव आणि वर्षभराने याच पैशात त्याच्यापेक्षा खूप मोठं कार्ड घे, हे माझं म्हणणं होतं. शिवाय १२१००एफ मध्ये आतलं ग्राफिक नाही, कार्ड बिघडलं की स्क्रीन काळी आणि सबमिशनच्या आठवड्यात पोरगं बसून.

एएम५, म्हणजे एएमडीचा नवा सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), तो पण बघितला, नाही असं नाही. तो प्लॅटफॉर्म २०२२ चा, पुढं जास्त वर्षं प्रोसेसर येणार हे एएमडीने सांगितलेलंच, आणि ५६००जी ज्यावर बसतो तो एएम४ म्हणजे २०१६ पासूनचा, संपत आलेला. कागदावर एएम५ च बरोबर. पण बोर्ड महाग, डीडीआर५ च लागणार, आणि सगळं मिळून ५२ च्या पुढं जात होतं. त्यातला स्वस्त ८५००जी घेऊ म्हटलं तर त्याची एक खोच आहे जी दुकानात कोणी सांगत नाही, त्याच्याकडून ग्राफिक कार्डला फक्त चार लेन (प्रोसेसर आणि कार्डामधले डेटाचे रस्ते) मिळतात. म्हणजे पुढं कार्ड टाकायचं म्हणून एएम५ घ्यायचं आणि कार्डाचाच रस्ता अरुंद. ५६००जी ला पीसीआय (कार्ड ज्या स्लॉटात बसतं ती जोडणी) जुन्या ३.० आवृत्तीचं आहे, ४.० नाही, पण स्लॉटला पूर्ण १६ लेन आहेत. आणि एएम४ संपत आलेला असला तरी ५६००जी वरून चढायला त्यात ५७००एक्स३डी सारखे आठ कोरचे प्रोसेसर होते, एका कॅज्युअल खेळणाऱ्याला ही एक पायरी पुरते असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

बोर्डात ए५२० घेतला असता तर साडेतीन हजार वाचत होते. मी बी५५० वर अडून बसलो. रॅमचे चार स्लॉट, एसएसडीच्या दोन जागा, आणि उद्या प्रोसेसर बदलला तर पीसीआय ४.० आपोआप मिळणार, ए५२० वर ते कधीच मिळत नाही. बजेट करताना ग्राफिक कार्डासाठी लोक रात्र रात्र भांडतात आणि बोर्ड दोन मिनिटात ठरवतात, खरंतर बोर्ड म्हणजे घराचा पाया, एकदा घातला की परत उकरता येत नाही.

आकडे माझ्या बिलांवरचे, ऑक्टोबर २०२४ चे, थोडे राउंड केलेत. प्रोसेसर १२ हजार, बोर्ड ९ हजार, १६ जीबी डीडीआर४ रॅम ३,६००, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी ५,२००, ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस ३,९००, कॅबिनेट २,६००, २४ इंची १०० हर्ट्झचा (सेकंदाला शंभरदा चित्र बदलणारा) मॉनिटर ८ हजार, कीबोर्ड माऊस ९००. टोटल ४५,२००. वरचे दोनशे आजीने दिले आणि नंतर यूपीएस पण तिनेच घेऊन दिला. विंडोजचं लायसन मात्र यात धरलं नव्हतं, ते माझ्याकडून राहून गेलं, कोण यादी करत असेल तर आधी ते लिहा.

एसएमपीएसबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझं ठाम मत आहे की इथंच सगळ्यात जास्त मशीन मरतात. कॅबिनेट मी कराडलाच घ्यायला सांगितलेलं, एवढा डबा रेल्वेने कुठं वाहणार. त्या दुकानदाराने त्याच्याबरोबर आठशे रुपयात '४५० वॉट'चा एसएमपीएस देऊ केला. मी भाच्याला म्हटलं, त्याच्या अंगावरचा स्टिकर वाच, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय? १४. बारा गुणिले चौदा, १६८. म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड ज्या लाइनवर जगतात तिथं १६८ वॉट, आणि वर मोठ्या अक्षरात ४५०. आपण घेतलेल्या ५५० वाल्यावर त्याच जागी ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट. हातात घेतल्यावर वजनातच फरक कळतो, आणि त्यात कार्डासाठीची सहा अधिक दोन पिनची केबल आधीच होती, जी त्या वेळी कुठंच लागणार नव्हती. ती केबल गुंडाळून कॅबिनेटच्या मागच्या पोकळीत झिप टायने बांधून ठेवली आणि तिच्यावर कागदाची चिठ्ठी लावली, 'कार्ड'. भाच्याने विचारलं हे काय, म्हटलं हीच तुझी पुढची दिवाळी.

बाकी पार्ट मी लॅमिंग्टन रोडवरून घेतले, शनिवारी सकाळी, ग्रँट रोड स्टेशनला उतरून. जीएसटीचं पक्कं बिल प्रत्येक पार्टचं वेगळं घेतलं, सिरीयल नंबरसकट, बिल नसेल तर वॉरंटीच्या वेळी कोणी ओळख देत नाही. दिवाळीच्या गर्दीत कोयना एक्सप्रेसने बॅग मांडीवर घेऊन कराडला गेलो आणि धनत्रयोदशीच्या रात्री ताईच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी टेबल ओढून जुळवायला बसलो. भाच्यालाच करायला लावलं. प्रोसेसर सॉकेटवर ठेवताना त्याचा श्वास अडकलेला, पिना वाकतात का म्हणून, मी म्हटलं त्रिकोणाला त्रिकोण लाव आणि सोड, जोर लावायचाच नाही, आपोआप बसतो. बसला. कूलरचे चार स्क्रू कर्णात, एक इकडचा एक समोरचा, थोडे थोडे.

आणि मग रॅमचं पाकीट फोडलं तर आत एकच कांडी. १६ जीबीची एक. मी ८-८ च्या दोन सांगितलेल्या, बिलावर नुसतं '१६ जीबी' लिहिलेलं, आणि गडबडीत मी पाकीट उघडून बघितलं नाही. दुकानात फोन केला तर म्हणे सेमच आहे, १६ म्हणजे १६.

सेम नाही. ज्या मशीनमध्ये वेगळं कार्ड नाही तिथं ग्राफिक चिप मेमरी म्हणून हीच रॅम वापरते. डीडीआर४ ३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देते, दोन कांड्या दोन चॅनेलवर लावल्या की ५१.२. प्रोसेसर तोच, किंमत तीच, रस्ता दुप्पट रुंद. सणात मुंबईला परत कोण जाणार, म्हणून दोन आठवडे एकाच कांडीवर काढले आणि त्यामुळे आम्हाला दोन्हीकडचे आकडे मिळाले. जीटीए फाईव्ह, १०८०पी, सेटिंग नॉर्मल: एका कांडीवर सेकंदाला ३५ ते ४० फ्रेम (फ्रेम म्हणजे स्क्रीनवर बदलणारी चित्रं, जितक्या जास्त तितका गेम न अडकता चालतो), आणि गाडी जोरात चालवली की मध्येच अडकायचं. नंतर कांडी बदलून दोन ८-८ च्या पाठवल्या, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगितल्या, तोच गेम त्याच जागी ५५ ते ६०, अडकणं बंद. पोराने रात्री अकराला व्हॉइस मेसेज टाकला, नुसता ओरडत होता.

त्यात पण एक राहिलेलं. टास्क मॅनेजरला रॅमचा स्पीड २६६६ दाखवत होता. पाकिटावर ३२०० लिहिलं म्हणून रॅम आपोआप ३२०० वर चालत नाही, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतं ते बोर्डाचं सेटिंग) जाऊन एक्सएमपी ऑन करावं लागतं. ते केलं, तिथंच आतल्या ग्राफिकला २ जीबी राखून ठेवली. माझ्या बघण्यात कितीतरी मशीन अशी आहेत जी तीन-तीन वर्षं हळू स्पीडवर चालतायत आणि मालकाला पत्ता नाही. तुमचं घरी असेल तर आत्ता बघा, टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथं स्पीड आणि किती स्लॉट वापरलेत दोन्ही दिसतं.

पुढचे दहा महिने सोपे नव्हते त्याच्यासाठी. व्हॅलोरंट मस्त चालायचा, शंभरच्या वर, माइनक्राफ्ट, ऑटोकॅड काही प्रॉब्लेम नाही. पण मित्र एखादा नवीन मोठा गेम सुरू करायचे आणि याच्याकडे तो ७२०पी ला पण तिशीत रखडायचा. दोनदा मला म्हणाला, मामा १६५० च घेतलं असतं तर. मी त्याला दोष देत नाही, सोळा वर्षाच्या पोराला 'नंतर' हा शब्द फार लांबचा असतो. पण त्याने एक केलं, सुट्टीत एका नातेवाइकाच्या झेरॉक्स सेंटरवर बसला, पैसे बाजूला टाकले.

सप्टेंबर २०२५ ला, गणपती झाल्यावर, पुण्यात एका मुलाकडून सेकंडहँड आरएक्स ६६०० मिळालं १३ हजाराला. ८ जीबीचं कार्ड, १३२ वॉट, एकच आठ पिनची केबल. मी पुण्याला जाऊन त्याच्या घरीच त्याच्याच मशीनवर अर्धा तास टेस्ट लावून बसलो, टेंपरेचर बघितलं, पंखे सगळे फिरतात का, स्क्रीनवर ठिपके येतात का, ओरिजिनल बिल आहे का. सेकंडहँड कार्ड पाकिटात बघून घेऊ नका, चालताना बघा, माणूस चालवून दाखवायला तयार नसेल तर उठा तिथून.

कार्ड निवडताना ती पीसीआय ३.० ची गोष्ट डोक्यात ठेवली होती. त्याच्यापेक्षा स्वस्त आरएक्स ६५०० एक्सटी पण मिळत होतं, पण ते चारच लेन वापरतं, ५६००जी च्या ३.० वर त्याचा चांगलाच गळा आवळला जातो. ६६०० आठ लेन वापरतं, तिथं नुकसान होतं पण खेळताना जाणवण्याइतकं नाही. म्हणजे प्रोसेसर काय आहे हे बघूनच कार्ड घ्यायचं.

बसवलं भाच्याने एकट्याने, मी व्हिडिओ कॉलवर. मागच्या पोकळीतनं 'कार्ड' लिहिलेली केबल सोडली, मागच्या दोन पट्ट्या काढल्या, कार्ड खटकन बसलं, दोन स्क्रू. पंधरा मिनिटं. चालू केलं तर नो सिग्नल. पोरगं पांढरंफटक पडलं. मी म्हटलं घाबरू नको, एचडीएमआय वायर कुठं आहे बघ. ती अजून बोर्डाच्याच पोर्टात होती, कार्डात लावायची राहिलेली. वायर खाली लावली, स्क्रीन आली, ड्रायव्हर टाकला, आणि जीटीए जो साठच्या आत अडायचा तो हायवर सेटिंग टाकून मॉनिटरच्या शंभर हर्ट्झच्या पुढं जायला लागला. दाजी मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "म्हणजे आतलं बाकी काहीच बदललं नाही?" नाही दाजी, काहीच नाही.

माझं एक चुकलं ते पण सांगतो. रॅम ३२ जीबीच घ्यायला पाहिजे होती तेव्हाच, तीन-साडेतीन हजारात दुसरा जोड मिळत होता. मी म्हटलं स्लॉट रिकामे आहेत, लागेल तेव्हा टाकू. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली की सगळीकडे रॅमचे भाव चढले, तोच जोड दुपटीच्या वर गेला. कार्ड आल्यापासून आतल्या ग्राफिकला राखलेले २ जीबी मोकळे झालेत, त्यामुळे १६ मध्ये भागतंय, ब्राउझर बंद करून खेळतो. दोन स्लॉट अजून रिकामेच आहेत.

आता प्रश्न यूपीएसचा आहे. ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटपर्यंतचा, आणि कार्ड आल्यावर खेळताना मशीन मॉनिटरसकट अडीचशेच्या आसपास खातं. लाइट गेली की आधी पंधरा-वीस मिनिटं मिळायची, आता पाच मिनिटं पण मिळत नाहीत. भाच्याला सांगितलंय, लाइट गेली की आधी गेम बंद कर, मग सेव्ह कर, मग शटडाऊन, आणि आईला हाक नंतर मार.